आपण नेमके कुठल्या पोलिसांचे?

माहेरी नाही, सासरी नाही, आमच्या नात्यागोत्यात पोलीस खात्यात कुणीच नाही. पासपोर्टच्या पडताळणीसाठी एकदा ठाण्यात जाऊन सही करून आले होते, तेवढीच माझी पोलिसांशी ओळख. त्यामुळे अकरावीतल्या लेकीने "मला पोलिसात जायचंय" असं सांगितलं, आणि दिवाळी उलटून गेली तरी ते तिच्या डोक्यातून गेलं नाही, तेव्हा तिला कुणाकडे न्यावं हेच मला सुचेना. ती सतरा वर्षांची आहे, कला शाखेत शिकते, शाळेत असताना खो-खो खेळायची. मी एका छोट्या कार्यालयात हिशेब लिहिते. आम्ही राहतो पुण्याच्या कडेला, बावधन बुद्रुकला. इंजिनिअरिंगचे क्लास, परदेशी शिक्षणाची चौकशी, यांचे फलक इथे पावलापावलावर आहेत. पोलीस व्हायचं तर सतराव्या वर्षी काय करायचं, हे विचारायला मात्र मला एक दार सापडत नव्हतं.

पहिली माहिती रस्त्यावर मिळाली. पहाटे पौड रस्त्याने भूगावकडे धावणारी मुलं मी रोज पाहायचे. त्यांतला एक जण चहाच्या टपरीवर घाम पुसत उभा होता, त्याला धीर करून विचारलं. तो मराठवाड्यातून आलेला, चौघांत एक खोली घेऊन राहणारा. "काकू, आधी ग्राउंड, मग लेखी," तो म्हणाला. कुठल्या ग्राउंडवर जायचं असतं, असं मी विचारलं. त्याने न हसता समजावून सांगितलं, की ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी. ती पन्नास गुणांची, लेखी शंभर गुणांची. ग्राउंडला निदान पंचवीस हवेत, आणि तेवढे मिळाले तरी लेखीला सगळ्यांना बोलावत नाहीत. प्रत्येक प्रवर्गात जागांच्या दहापट उमेदवार, गुणांच्या क्रमाने. मला वाटत होतं, धावण्यात माणूस पास होतो किंवा नापास. इथे प्रत्येक काही सेकंदांना वेगळे गुण होते, हे मला त्या टपरीवर पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन लेकीने वहीत सगळं उतरवून काढलं. पोलीस शिपाई व्हायला बारावी उत्तीर्ण लागते. वय खुल्या प्रवर्गात १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत. मुलींची उंची किमान १५५ सेंटिमीटर, मुलांची १६५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी पाच. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना, गोळाफेक १५ गुणांना. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर. पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत संपवायचे, १०० मीटर १४ सेकंदांत, आणि चार किलोचा गोळा सहा मीटरवर टाकायचा. मुलांना त्याच गुणांसाठी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि सव्वासात किलोचा गोळा साडेआठ मीटर. लेकीची उंची आम्ही दाराच्या चौकटीला पाठ लावून मोजली. ती भरली, आणि मला उगीचच अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. मग तिने त्याच पानाखाली आणखी एक ओळ लिहिली. २०२४ साली राज्यात १७,४७१ जागांची भरती झाली, तिला साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेला शंभर जण. तो आकडा वाचल्यावर आम्ही दोघी जरा वेळ काही बोललो नाही.

यानंतरचा गोंधळ आमच्या गावाने घातला. भरती राज्याची असली तरी ती होते घटकांप्रमाणे. प्रत्येक पोलीस आयुक्तालय हा एक घटक, प्रत्येक जिल्ह्याचं अधीक्षक कार्यालय हा एक घटक. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. मग आमचा घटक कोणता? बावधन बुद्रुक महसुलाला मुळशी तालुक्यात, तहसील कचेरी पौडला. जून २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली त्यांत आम्हीही गेलो, म्हणून पाणी आणि कचरा पुण्याचा. म्हणजे पोलीसही पुणे शहराचे, असं मी ठामपणे सांगून टाकलं. लेकीने पाटी दाखवली. बावधन पोलीस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचं आहे. ते आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं, आणि हे ठाणं होण्याआधी आमचा भाग हिंजवडी ठाण्याकडे होता. पुढे पौडला गेलं की तिथलं ठाणं पुणे ग्रामीणचं. त्या पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांचं कार्यालय पुन्हा आमच्या शेजारी, पाषाण रस्त्यावर चव्हाणनगरला. तिथेच राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय आणि पोलिसांचा बिनतारी विभाग. इतकी वर्षं त्या भिंतींजवळून बस जाते आणि आत काय चालतं ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं. राहतो एका तालुक्यात, कर भरतो एका शहराला, पोलीस तिसऱ्याच शहराचे.

सुटकेचा भाग एवढाच, की अर्ज आपल्याच भागात करायला हवा असं बंधन नाही. महाराष्ट्रातला कुठलाही घटक निवडता येतो. फक्त तो एकदाच निवडायचा असतो, आणि प्रत्येक घटकात जागा वेगळ्या, अर्ज वेगळे, शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुणही वेगळे. टपरीवरचा तो मुलगा म्हणाला होता, की काही मुलं चांगले गुण पडूनही केवळ घटक चुकल्यामुळे राहतात. तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं.

धावायला सुरुवात केली ती घराजवळच्या एका शाळेच्या मैदानावर. फेरी किती मीटरची आहे हेच माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी मी शिंप्याकडची टेप मागून आणली आणि आम्ही दोघी वाकून वाकून मैदान मोजत बसलो. तिथे मुलांना शिकवणाऱ्या सरांना आमची दया आली असावी. त्यांनी मोजपट्टीचं मोठं चाक आणून दिलं. लेकीने पहिले ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत पूर्ण केले. मला ते फार छान वाटलं, कारण मला तर एक फेरीही चालवत नव्हती. सर म्हणाले, सुरुवात जोरात आणि शेवट चालत, असं धावू नकोस. पहिले चारशे जितक्या वेळात, दुसरे चारशे जवळपास तितक्याच वेळात यायला हवेत. म्हणजे २ मिनिटं ५० सेकंदांसाठी प्रत्येक चारशेला ८५ सेकंद. सराव रोज पूर्ण ८०० चा करायचा नाही. एखाद्या दिवशी दोनशे-दोनशेचे तुकडे मधे थांबून, एखाद्या दिवशी सावकाश लांब धावणं, एखाद्या दिवशी टेकडी, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण आराम. आरामाचा दिवस हाही सरावाचाच, हे पटायला मला वेळ लागला. तोवर मी तिला रविवारीसुद्धा उठवत होते आणि तिच्या नडग्या ठणकू लागल्या होत्या.

तिची वेळ काही आठवडे तिथेच अडकून राहिली. दम लागायचा, दुपारी वर्गात डोळे मिटायचे. मला वाटलं मोबाईल, रात्रीचं जागरण. सरांनी एकच प्रश्न विचारला, "हिमोग्लोबिन तपासलंय का?" तपासलं. या वयाच्या मुलींचं ते बाराच्या वर असावं लागतं, तिचं खाली होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाचं विचारलं. भाकरी, मटकी, पालेभाजी, शेंगदाणे, मी सगळं अभिमानाने सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, जेवणानंतर काय घेता? चहा. आमच्याकडे दुपारचं जेवण झालं की लगेच चहा होतोच. चहामुळे जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, तो तास-दीड तासाने घ्या आणि जेवताना लिंबू पिळा, एवढंच त्यांनी सांगितलं. भरतीची तयारी करणाऱ्या मुलीच्या आईने सगळ्यात आधी कपबशी बाजूला ठेवायची असते, हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नसतं. गावोगावच्या मुली पहाटे उठून धावतात आणि त्यांतल्या कित्येकींना आपलं रक्त कमी आहे हे ठाऊकच नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. बुटांवर पैसे घालण्याआधी ही एक तपासणी करून घ्यावी.

गोळ्याचं मात्र मला सोपं वाटलं होतं. चार किलो म्हणजे बाजारातून आणतो त्या पिशवीएवढं. लेकीने तो तळहातावर घेऊन चेंडूसारखा फेकला आणि तो जेमतेम चार पावलांवर पडला, वर मनगट लचकलं ते वेगळंच. गोळा तळहातावर नसतो घ्यायचा. तो बोटांच्या मुळाशी धरायचा, मानेला टेकवायचा, कोपर उंच ठेवायचं आणि फेकायचा नसून ढकलायचा. जोर हातातून येत नाही. तो मागच्या पायातून सुरू होतो, कमरेतून वर चढतो आणि बोटांतून बाहेर पडतो. पाय वर्तुळाबाहेर गेला तर टाकलेला गोळा धरत नाहीत. सरांनी तिला आठवडाभर गोळा न देता नुसतं उठाबशा काढायला आणि कंबर वळवायला लावलं. मला ते वेळ वाया घालवणं वाटत होतं. आठवड्याने तोच गोळा एवढा लांब गेला की टेप पुरली नाही.

मैदानावर एक गोष्ट मला घाबरवून गेली. तिथे येणाऱ्या एका मुलाला कुणीतरी दम वाढवण्याचं इंजेक्शन आणून देतो म्हणालं होतं. सरांनी त्या मुलाला सगळ्यांसमोर बसवून समजावलं. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळले आणि दगावले, त्यानंतर शिपाई भरतीतलं अंतर कमी करण्यात आलं, हे त्यांनीच सांगितलं. उन्हात धावणारी ती मुलं होती. आपलं मूल धावताना छातीत दुखतंय म्हणालं, तर त्याला "अजून एक फेरी" म्हणू नका. कुठलीही गोळी, पावडर, इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका. मी हे लेकीला इतक्यांदा सांगितलं की ती आता माझ्याआधी वाक्य पूर्ण करते.

लेखीच्या बाबतीत मी निर्धास्त होते. चार विषय: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. नव्वद मिनिटांत शंभर गुण, त्यांत निदान चाळीस हवेत. गणित मी रोज करते, मराठी तर आपली. जुनी प्रश्नपत्रिका समोर घेतली आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडले. वाक्यातला प्रयोग ओळखा. लेकीने मला शिकवायला घेतलं. "शिपाई चोराला पकडतो" हा कर्तरी, कारण क्रियापद शिपायाप्रमाणे बदलतं. शिपाई बाई असती तर "पकडते" झालं असतं. "शिपायाने चोर पकडला" हा कर्मणी, इथे क्रियापद चोराकडे बघतं. "शिपायाने चोराला पकडले" हा भावे, इथे क्रियापद कुणाकडेच बघत नाही. तिन्ही वाक्यं मी जन्मभर बोलत आले आहे. त्यांतला फरक सतरा वर्षांच्या मुलीकडून ऐकताना मी वही काढून लिहून घेतला.

गणिताची भीती तिला होती, ती आम्ही मैदानावर घालवली. ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत, म्हणजे २०० सेकंदांत. सेकंदाला चार मीटर. त्याला १८ ने गुणून ५ ने भागलं की ताशी किलोमीटर: १४.४. आणि तेच १७० सेकंदांत पळायचं तर ताशी जवळपास १७. आगगाडी पूल किती वेळात ओलांडेल, हा प्रश्न तिला कधी जवळचा वाटला नव्हता. स्वतःच्या पायांचा वेग काढायला तिला फार आवडलं. आता ती रोज वेळ नोंदवते आणि खाली वेग लिहिते. चालू घडामोडींसाठी रोज एक मराठी वर्तमानपत्र संपूर्ण वाचायचं ठरवलं आहे. पहिल्या आठवड्यात आम्हाला अग्रलेखातलं फारसं कळत नव्हतं, जिल्ह्याच्या पानावरच्या बातम्या मात्र लगेच कळत होत्या. सुरुवात तिथूनच केली.

जानेवारीत एक चांगली संधी मिळाली. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, म्हणून त्या तारखेपासून आठवडाभर पोलीस रेझिंग डे सप्ताह असतो. त्या दिवसांत ठाणी विद्यार्थ्यांना दाखवतात. पोलिसात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हा आठवडा चुकवू नये. आम्ही जवळच्या एका ठाण्यात गेलो. मुलं रायफलींच्या टेबलाभोवती गर्दी करून होती. एक महिला हवालदार मात्र आम्हाला आत घेऊन गेल्या. ठाणे अंमलदाराचं टेबल, बिनतारी संच, ११२ वर फोन आला की कॉल कसा उतरतो ते, मुद्देमालाची खोली. स्टेशन डायरी दाखवली: कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, सगळी नोंद. मी त्यांना विचारलं, की हवालदार आणि शिपाई यांच्या मध्ये नाईक असतो ना? "ताई, नाईक हे पद २०२२ मध्ये बंद झालं," त्या म्हणाल्या. आता शिपायानंतर थेट हवालदार, मग सहाय्यक फौजदार, मग उपनिरीक्षक. माझं सगळं ज्ञान जुन्या सिनेमांतलं होतं.

त्याच टेबलाशी मला माझ्या जुन्या कोड्याचं उत्तर सापडलं. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे पुढच्या वळणावर हद्द बदलते, माणसाने रात्री-अपरात्री जायचं कुठे? त्यांनी लेकीकडे पाहून सांगितलं, की हे तू वाचून ठेव. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. तिथे ती शून्य क्रमांकाने नोंदवायची आणि ज्या हद्दीतला गुन्हा असेल त्या ठाण्याकडे पाठवायची. तिलाच झिरो एफआयआर म्हणतात. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळायला हवी. भरतीच्या अर्जाला हद्द महत्त्वाची, पण दाराशी आलेल्या माणसाला "हे आमच्याकडे येत नाही" असं म्हणून परत धाडायचं नाही. मी इतकी वर्षं इथे राहते आणि संकटात कुठलंही ठाणं मला चालेल, ही साधी गोष्ट मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली.

निघताना लेकीने त्यांना विचारलं, आत्तापासून आणखी काय करू? मला वाटलं त्या कराटे सांगतील. त्या म्हणाल्या, "लिहायला शिक." शिपायाचा बराच वेळ लिहिण्यात जातो. डायरी, जबाब, पंचनामा. रडणारं, घाबरलेलं, रागावलेलं माणूस समोर बसलेलं असतं. ते मागचं पुढे सांगतं, मधेच गप्प होतं. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, क्रम लावून, स्वतःचं काही न घालता उतरवायचं. पुढे न्यायालयात त्या कागदाला प्रश्न विचारले जातात. "घरी कुणाचं तरी ऐकून लिहून बघ," असं त्या म्हणाल्या.

लेकीने आजीला समोर बसवलं. सासूबाईंची पिशवी मागे एकदा बसमध्ये चोरीला गेली होती, ते सांगायला लावलं. सासूबाई पिशवीवरून बसच्या गर्दीवर, तिथून कुठल्यातरी लग्नावर आणि परत पिशवीवर आल्या. लेकीने छान पानभर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "एका इसमाने माझ्या हातातील पिशवी हिसकावली," असं त्यात होतं. सासूबाई म्हणाल्या, "हिसकावली कुठं म्हणाले मी? उतरल्यावर बघितलं तर पिशवी नव्हती. माणूस मी पाहिलाच नाही." लेकीचा चेहरा उतरला. न पाहिलेला माणूस तिने कागदावर उभा केला होता, आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने पान फाडलं नाही. त्याखाली पुन्हा लिहिलं: किती वाजता, कुठून कुठे, पिशवीत काय होतं, शेवटची कधी पाहिली. हा सराव आता आमच्या घरी जेवणानंतर चालतो. कधी मी सांगते, कधी तिचे बाबा. सगळ्यात अवघड काय, तर समोरचा थांबला की मधे न बोलणं. धावण्याची वेळ कमी होते आहे ते घड्याळात दिसतं. ऐकणं सुधारतंय का, हे फक्त सांगणाऱ्याला कळतं, आणि सासूबाई अजून तिला पूर्ण गुण देत नाहीत. मला या सगळ्या तयारीत हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कधीतरी रात्री कुणाची तरी मुलगी हिच्यासमोर येऊन बसेल आणि जे सांगेल, तेच कागदावर उतरायला हवं.

बाकीच्या वाटांची माहिती हळूहळू जमली. पदवीनंतर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन थेट उपनिरीक्षक होता येतं. त्यांचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. ही संस्था १९०६ साली पुण्यातच, भांबुर्ड्याला म्हणजे आजच्या शिवाजीनगरला सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगातून भारतीय पोलीस सेवेत जायला वय २१ पूर्ण लागतं. शिपाई म्हणून लागलेल्यालाही खात्यांतर्गत परीक्षेतून उपनिरीक्षक होता येतं. ज्यांना विज्ञानाची ओढ आहे, त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तिथून गुन्ह्याच्या तपासाकडे जाणारा वेगळाच रस्ता निघतो. आठवी-नववीत मूल असेल, तर शाळेत स्टुडंट पोलीस कॅडेट योजना आहे का ते बघावं. आमच्यासाठी ती वेळ गेली होती. एनसीसीची नव्हती. एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राला भरतीत वाढीव गुण मिळतात. ते मिळायला तीन वर्षं लागतात: अकरावी, बारावी आणि पदवीचं पहिलं वर्ष. बारावीनंतर शिक्षण सोडून फक्त भरतीच्या मागे लागायचं, असं लेकीच्या मनात होतं. मी समजावून थकले होते. या तीन वर्षांच्या हिशेबाने ते काम एका मिनिटात केलं.

तिने पदवी घ्यावी, हे मला हवंच होतं. शंभरातल्या नव्व्याण्णवांना जागा मिळत नाही. पंचविशी ओलांडलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, "यंदा नक्की" म्हणणारी मुलं मी त्या मैदानावर पाहिली आहेत. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. माझ्या मुलीच्या हातात मात्र तेव्हा एक पदवी असावी. पोलिसात बाईचं काय चालणार, असं म्हणणारे नातेवाईक भेटतात. त्यांना मी सांगते, की भरतीत मुलींना तीस टक्के आरक्षण आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला या राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. त्याआधी त्या पुण्याच्या आयुक्त होत्या, आणि त्यांच्याही आधी पुण्याने मीरा बोरवणकर यांना आयुक्त म्हणून पाहिलं आहे. एवढं सांगितलं की बहुतेक जण विषय बदलतात.

कागदपत्रांचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण ते मला येतं असं वाटत होतं. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. महापालिकेत गेलो म्हणून हे सगळं पुण्यात मिळेल असं धरून मी चुकीच्या खिडकीवर उभी राहिले आणि नंतर पौडची बस धरली. तिथल्या रांगेत कळलं, की अर्जातलं नाव, दहावीच्या प्रमाणपत्रातलं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत सारखं हवं. आमच्याकडे वडिलांच्या नावात एका ठिकाणी एक अक्षर जास्त होतं. जाहिरात आल्यावर हे शोधायला बसलो असतो तर मुदत निघून गेली असती. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीही होते, आणि साक्षांकन नमुन्यात आपल्यावरच्या पोलीस कारवाईबद्दल खरं लिहावं लागतं. कोयता नाचवण्याच्या रिळांना टाळ्या वाजवणारी मुलं आमच्याही भागात आहेत. लेकीने स्वतःहून अशा मुलांचे दोन-तीन ग्रुप सोडले.

आता ती बारावीत जाईल आणि त्याच वर्षी अठराची होईल. ८०० मीटर अजून तीन मिनिटांच्या आत आलेलं नाही, पण अगदी जवळ आलं आहे. गोळ्याला सहा मीटर हवेत, ते एखाद्याच दिवशी पडतात. घटक कोणता घ्यायचा यावर घरात एकमत नाही. तिच्या बाबांना पुणे ग्रामीण हवं आहे, कारण मुळशीतली गावं आणि तिथली माणसं तिला माहीत आहेत. तिला पिंपरी-चिंचवड हवं आहे, कारण तिने पहिल्यांदा वाचलेली पाटी त्यांची होती. मी मागच्या भरतीतले दोन्हीकडचे शेवटच्या निवडीचे गुण प्रवर्गाप्रमाणे एका कागदावर मांडायला घेतले आहेत. हिशेब मला येतो. तो पूर्ण झाला की दोघांनाही दाखवीन, आणि मग वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.